ठेंगणा डायँथस: बी पेरल्यापासून सात महिन्यांची नोंदवही

२१ सप्टेंबर

पायवाटेच्या कडेचा ३ मीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद पट्टा मोकळा केला. तिथे घोट्याच्या वर न जाणारं, कडा झाकणारं आणि फुलणारं काहीतरी हवं होतं, म्हणून ठेंगणे डायँथस. कार्नेशनचीच ही भावंडं, फक्त उंची वीतभर. तीन प्रकार घेतले आहेत.

पहिला चिनी डायँथस, म्हणजे डायँथस चायनेन्सिसचा बुटका मिश्ररंगी वाण. उंची १५ ते २० सेंमी. दुसरा डायँथस डेल्टॉइडिस, ज्याला मेडन पिंक म्हणतात. हा जमिनीलगत चटईसारखा पसरतो. हे दोन्ही बियांपासून करणार. तिसरा ‘टायनी रुबीज’, चेडर पिंक या आणखी एका ठेंगण्या डायँथसमधला दुहेरी पाकळ्यांचा अगदी छोटा वाण. नावाचा वाण बियांपासून हुबेहूब उतरत नाही, म्हणून त्याची मुळं धरलेली दोन रोपं मिळवली.

आल्प्समधल्या डायँथस अल्पायनसचाही मोह होता. बोटभर उंचीच्या गादीवर रोपापेक्षा मोठी वाटणारी फुलं! पण तो थंड डोंगरातला, गरम रात्री त्याला सोसत नाहीत. सोडून दिला.

ही वही जसं घडलं तशी लिहीत जाणार आहे. खर्च पैशांत नाही मांडणार, बिया, रोपं आणि गेलेले दिवस यांत मांडेन. ते कुठेही ताडून पाहता येतात. माझ्या तारखाही धरून चालू नका, शेजारी लिहिलेलं तापमान बघा.

आज दोन ट्रे भरले. मिश्रण अर्धं कंपोस्ट, अर्धं कोकोपीट. प्रत्येकी ६० बिया. वर अर्धा सेंमी मिश्रणाचा थर, झारीने पाणी, पारदर्शक झाकण. दुपारचं तापमान ३१ अंश.

३० सप्टेंबर

चिनी ६० पैकी २२ उगवले. डेल्टॉइडिस ६० पैकी ७. बी जुनं असावं असा पहिला संशय आला. मग ट्रेमध्ये तापमापक खोचून पाहिला. झाकणाखाली माती ३० अंशांवर होती. डायँथसचं बी साधारण १५ ते २१ अंशांत नीट उगवतं. वरून मी दिलेला थरही जाड होता. बी चपटं आणि हलकं असतं, त्याला जेमतेम झाकलं की पुरतं.

४ ऑक्टोबर

उगवलेलीही गेली. सकाळी पाहिलं तर ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं आडवी पडलेली, संध्याकाळी निम्मा ट्रे. पानं हिरवीच, पण मातीशी देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट झालेला. रोपं कोलमडण्याचा हा नेहमीचा रोग. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींमुळे होतो आणि एकदा देठ पिचला की ते रोप वाचत नाही. औषध शोधण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली, त्याचा उपयोग शून्य. त्या वेळात आजारी कोपरा मातीसकट उचलून फेकला असता तर बाकीची वाचली असती.

माझ्या तीन गोष्टी चुकल्या होत्या: झाकण सतत बंद, पाणी रोज वरून, आणि मिश्रणात अर्धं कंपोस्ट. ओल, ऊब आणि कुजणारा पाला एकत्र आले की बुरशीला आणखी काही लागत नाही.

हिशेब: १२० बियांतून ८ रोपं उरली. ६ चिनी, २ डेल्टॉइडिस. दोन आठवडे गेले. आठही रोपं त्याच सकस मिश्रणाच्या कुंड्यांत हलवून वेगळी ठेवली. ट्रे साबणाने घासून कडक उन्हात वाळवले.

५ ऑक्टोबर

दुसरी पेरणी. पुन्हा ६० आणि ६०.

आता मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), एक भाग चाळून धुतलेली भरड वाळू. खत अजिबात नाही. बी पृष्ठभागावर ठेवून वर वाळूचा इतका पातळ थर की काही बिया दिसत राहाव्यात. या वाळूचा फायदा नंतर कळला. वरचा थर लवकर सुकतो आणि कोवळा देठ जिथे मातीतून बाहेर येतो ती जागा कोरडी राहते. पाणी खालून: ट्रे परातीत ठेवायचा, वरची वाळू काळसर दिसली की उचलायचा. दहा मिनिटं पुरतात. ट्रे घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, फरशीवर. तिथे २१ ते २३ अंश मिळतात. झाकण नाही, फक्त वर्तमानपत्राचा एक कागद.

१४ ऑक्टोबर

चिनी ६० पैकी ४७. डेल्टॉइडिस ६० पैकी ४३. बियांच्या पाकिटाला उगाच दोष दिला होता.

पहिला कोंब सहाव्या दिवशी दिसला. त्याच दिवशी कागद काढून ट्रे सकाळच्या उन्हात नेला. एक ट्रे मी दीड दिवस उशिरा हलवला, तेवढ्यात त्यातली रोपं दुसऱ्यापेक्षा दुप्पट लांब आणि लुळी झाली. उजेडाबाबत ही रोपं वाट बघत नाहीत.

२६ ऑक्टोबर

प्रत्येकी खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या. ९० रोपं छोट्या कप्प्यांत हलवली. साडेतीन तास लागले. रोप पानाला धरायचं, देठाला नाही. पान तुटलं तर नवीन येतं, देठ चिमटला तर रोप संपतं. मुळाखाली आइसक्रीमची चपटी काडी घालून उचललं की मुळं कमी तुटतात.

टोमॅटोच्या रोपांची सवय हाताला होती, म्हणून पहिली ३६ रोपं बीजपत्रांपर्यंत, म्हणजे बियातून निघालेल्या अगदी पहिल्या दोन पानांपर्यंत, खोल लावली. लांबलेल्या रोपाला आधार मिळेल असं वाटलं. पुढे हात शिणला आणि उरलेली ५४ आधीच्याच खोलीवर लागली. त्यामागे काही विचार नव्हता.

३१ ऑक्टोबर

खोल लावलेल्या ३६ पैकी ११ गेली. वर लावलेल्या ५४ पैकी २. उपटून पाहिलं तर कुज नेमकी त्या देठावर, जो मी मातीत गाडला होता. मुळं खाली पांढरी आणि धडधाकट होती! टोमॅटो गाडलेल्या देठाला मुळं फोडतो, डायँथसचा एवढासा कोवळा देठ ओल्या मिश्रणात तसं करण्याआधीच कुजला.

वहीच्या पहिल्या पानावर आता एक शब्द मोठा लिहून ठेवलाय: मान. रोपाची मान म्हणजे देठ मातीला भेटतो ती जागा. ट्रेमध्ये रोपं कोलमडली ती तिथेच, आता कुजली तीही तिथेच. ७७ रोपं हाती आहेत.

२ नोव्हेंबर

पट्ट्याची माती तपासली. ३० सेंमी खोल खड्डा, एकदा पाणी भरून जिरू दिलं, मग दुसऱ्यांदा भरलं. दुसरं पाणी जिरायला सहा तासांच्या वर लागले. चिकण माती आहे, यात डायँथस लावणं म्हणजे मान पाण्यात बुडवून ठेवणं.

उपाय एकच, वाफा उचलणं. कडेला दगड लावून २० सेंमी उंच केला. ३ मीटर गुणिले ४० सेंमी गुणिले २० सेंमी म्हणजे २४० लिटर, अर्थात १० लिटरच्या २४ बादल्या. बागेची माती १० बादल्या, चांगलं कुजलेलं कंपोस्ट ४, वाळू १०.

४ नोव्हेंबर

सगळं उपसावं लागलं. वाळू गिलाव्याची होती, बारीक. पहिल्या पाण्यानंतर वाफ्यावर पापडी धरली आणि दुसऱ्या दिवशी खुरपं आत जाईना. बारीक वाळू चिकण मातीच्या फटी मोकळ्या करत नाही, त्या बुजवते. भरड कण हवेत, २ ते ५ मिलिमीटरचे. वाळू एकदा मिसळली की मातीतून परत निघत नाही, त्यामुळे २४ बादल्या मिश्रण दुसरीकडे टाकून पुन्हा सुरुवात.

८ नोव्हेंबर

या वेळी वाळूच्या जागी खडी फोडताना पडणारी कच. चाळणीत धुऊन घेतली, कारण तिच्यातली भुकटी बारीक वाळूचंच काम करते. १० बादल्या कच धुवायला अर्धा दिवस गेला. ओलं मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोटाने ढकलताच फुटतो. हेच हवं होतं. पाण्याची चाचणी पुन्हा केली, वीस मिनिटांत जिरलं.

मातीचा सामू (पीएच) ६.२ निघाला, म्हणजे किंचित आम्ल. बहुतेक डायँथसना ६.५ ते ७.५ मानवतो, म्हणून दळलेली चुनखडी चौरस मीटरला १५० ग्रॅम मिसळली. भाजलेला किंवा विरवलेला चुना नको, तो कोवळी मुळं भाजतो. आणि चुना सगळ्यांनाच चालतो असंही नाही. बाल्कन डोंगरांतला डायँथस मायक्रोलेपिस आम्ल मातीतला आहे, तो कोणी लावणार असेल तर ही पायरी गाळावी.

वाफ्याच्या कामाचे एकूण चार दिवस. मापाची कच आधीच आणली असती तर दोनांत झालं असतं.

१५ नोव्हेंबर

लागण. दिवसा २६, रात्री १५ अंश. जागेवर सहा तासांपेक्षा जास्त ऊन.

मागच्या ओळीत चिनी २०, दर १५ सेंमीवर. पुढे डेल्टॉइडिस १२, दर २५ सेंमीवर, कारण तो पसरणार. चार उथळ कुंड्यांत तीन-तीन चिनी. ८ रोपं राखीव ठेवली, बाकीची मागणाऱ्यांना दिली. दोन्ही ‘टायनी रुबीज’ वाफ्याच्या टोकाला, दगडाला खेटून.

लावताना मुळांचा गोळा आजूबाजूच्या मातीपेक्षा सेंमीभर वर ठेवला. मग सगळीकडे दीड ते दोन सेंमी कच पसरून पानांच्या गादीखाली बोटाने सारली. दिसायला ही सजावट वाटते, पण पाण्याचा थेंब पानांवरून ओघळून मानेशी थांबत नाही, ते याच कचेमुळे. पानांचा पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा इथे पसरू नये. गुलाबाखाली तो उत्तम, पण डायँथसच्या मानेशी ओल धरून ठेवतो.

चिनी रोपांचे शेंडे खुडले, पाचव्या जोडीच्या वर. डेल्टॉइडिसला गरज नाही, तो आपोआप फुटवे काढतो.

१९ नोव्हेंबर

डेल्टॉइडिसची ४ रोपं रात्रीत खाल्ली. वाळलेला चकाकता माग होता, म्हणजे गोगलगायी. खडबडीत कचेवरून त्या येत नाहीत असं समजून मी निर्धास्त होते. त्या येतात. तीन रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन गेले आणि दगडांच्या फटींतून १७ वेचल्या. मग थांबलं. दिवसा लपायची जागा कडेच्या दगडांखालीच होती, आता तिथल्या फटी बुजवल्या. राखीव आठांतली ४ कामी आली.

६ डिसेंबर

पहिल्या पेरणीतून वाचलेली ६ चिनी रोपं आठवतात? ती सकस कुंड्यांत आहेत. वाफ्यातल्यांपेक्षा दोन आठवड्यांनी मोठी, गर्द हिरवी, २२ सेंमी उंच आणि सगळी लोळलेली. दोन पेरांमधलं अंतर दुप्पट. वाफ्यातली ९ सेंमी, निळसर, घट्ट, प्रत्येकाला सात-आठ फुटवे. सकस मिश्रणातल्या नत्राने पाला वाढला, कळी एकही नाही.

ठेंगणेपणा वाणात असतो, पण तो टिकतो हात आखडता ठेवल्यावर. वाफ्याला कंपोस्टपलीकडे काहीही दिलेलं नाही. कळ्या धरू लागल्यावर पालाशयुक्त द्रवखत अर्ध्या मात्रेने, तीन आठवड्यांतून एकदा, इतकंच देणार.

१४ डिसेंबर

कुंड्यांतली खालची पानं पिवळी पडली. पहिली ओढ पाणी घालण्याकडेच होती. घातलं नाही, एक रोप कुंडीतून काढून पाहिलं. वरचे ३ सेंमी कोरडे, तळाला चिखल. कुंडीखालच्या बशीत पाणी साचत होतं आणि भोक बशीला टेकलेलं होतं. बश्या काढल्या, कुंड्या तीन खापऱ्यांवर उचलून ठेवल्या. दहा दिवसांत नवी पानं स्वच्छ.

आता मी पाणी वजनावरून देते. भरपूर पाणी देऊन निथळलेली कुंडी उचलून बघायची, तो भार हाताला लक्षात ठेवायचा. निम्म्याहून हलकी वाटली की पुन्हा. या हवेत पाच-सहा दिवसांनी वेळ येते. वाफ्याला आठवड्यातून एकदा, सकाळी, झारीचं तोंड काढून ओळींच्या मधून.

२७ डिसेंबर

पहिलं फूल! दुसऱ्या पेरणीपासून ८३ वा दिवस. गडद लाल, मध्ये जवळजवळ काळं वलय, कडा कातरल्यासारखी.

खुर्ची टाकून बसले आणि भिंगातून बघितलं. पाच पाकळ्या, खाली लांब नळीसारखा पुष्पकोश, त्याच्या बुडाशी टोकदार खवले. दहा पुंकेसर आधी बाहेर येतात, परागकण देऊन सुकतात, आणि मग दोन वळलेले स्त्रीकेसर वर निघतात. हे फूल आपल्याच परागावर अवलंबून राहायचं टाळतं. नळीच्या तळाशी मध आहे, तिथवर लांब सोंडेच्या फुलपाखरांची पोच सहज जाते. पुढे बी धरायचं असेल तर हे ध्यानात ठेवायला हवं, कारण शेजारच्या रंगांशी संकर होणारच. इंग्रजीत गुलाबी रंगाला ‘पिंक’ हे नाव याच फुलांवरून पडलं. माझं पहिलंच मात्र लाल निघालं.

१२ जानेवारी

मागची ओळ पूर्ण बहरात. २० रोपांवर आज १६३ फुलं मोजली. चिनीला वास जवळपास नाही. तो ‘टायनी रुबीज’ला आहे, लवंगेसारखा, पण त्याला अजून कळ्या नाहीत.

कळ्यांच्या देठांवर मावा दिसला. मुंग्यांची रांग वर चढत होती, त्यावरून कळलं. भांडी घासायच्या साबणाचे दोन चमचे लिटरभर पाण्यात मिसळून फवारले. मावा मेला.

१५ जानेवारी

फवारलेल्या सहा रोपांची पानं डागाळली, टोकं करपली. डायँथसच्या पानाचा निळसर रंग म्हणजे मेणाचा थर असतो. बोटाने पुसला तरी जातो. माझ्या साबणाने तो धुऊन काढला आणि त्याच दुपारी पान उन्हात उघडं पडलं. उरलेल्या रोपांवर नुसत्या पाण्याची बारीक जोरकस धार, खालून वर, सकाळी, तीन दिवस लागोपाठ. राहिलेला मावा रंगाच्या मऊ कुंचल्याने झटकला. तेवढ्याने काम झालं. ती सहा रोपं नव्या पानांनी सावरली, पण त्यांचा पहिला बहर अर्ध्यावर आला.

२ फेब्रुवारी

सुकलेली फुलं काढणं हे या झाडाचं खरं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. रोज दहा मिनिटं. नुसती पाकळी ओढून चालत नाही, आतली नळी राहते आणि बी धरायला लागते. देठ पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत खाली कापायचा.

आज पहिला बहर ओसरल्यावर मागची ओळ सरसकट कापली, वरचा एक तृतीयांश भाग. एका रोपाला घाईत फार खाली कापलं, पानं नसलेल्या तपकिरी काडीपर्यंत.

१८ फेब्रुवारी

छाटलेल्या १९ रोपांना पेरापेरातून फुटवे. तपकिरी काडीपर्यंत कापलेलं रोप तसंच उभं आहे, फुटणार नाही. जुन्या काडीतून डायँथस सहसा फुटत नाही. खाली थोडा तरी हिरवा पाला ठेवूनच कात्री लावावी.

‘टायनी रुबीज’चे शेंडे आज लावले, २४. कात्री नको: फूल नसलेला फुटवा एका हाताने खाली धरायचा, दुसऱ्या हाताने शेंडा सरळ ओढायचा. तो पेराशी सुटून नळीतून निघाल्यासारखा अलगद हातात येतो. तीन सेंमीचे तुकडे, खालच्या पानांच्या दोन जोड्या काढल्या, अर्धी भरड वाळू आणि अर्ध्या परलाइटमध्ये खोचले. १२ वर प्लास्टिकची पिशवी, १२ उघडे, दोन्ही झाडाच्या विरळ सावलीत.

१४ मार्च

पिशवीखालच्या १२ पैकी ९ कुजले. उघड्या १२ पैकी १० ना मुळं आली. बहुतेक झाडांच्या छाटकलमांना दमट हवा लागते, पण मेणाच्या पानांचं हे रोप आपलं पाणी स्वतः राखतं, त्याला कोंडलं की मान कुजते. हलकेच ओढून पाहिलं तर माती धरून बसलेत. आणखी दहा दिवसांनी कुंड्यांत.

मागच्या ओळीचा दुसरा बहर सुरू. फुलं थोडी लहान पण संख्येने जास्त, आज १९० च्या आसपास.

डेल्टॉइडिसवर अजून एकही फूल नाही. हिरवी चटई मात्र सुरेख पसरली आहे. सुरुवातीला मी याला माझी चूक समजत होते, तसं नाही. बियांपासूनचा हा डायँथस बहुतेकदा पहिलं वर्ष पानांतच घालवतो आणि एक चांगली थंडी सोसल्यावर पुढच्या हंगामात फुलतो. पहिल्याच वर्षी रंग हवा असणाऱ्यांनी तो एकटा लावू नये, सोबत चिनी लावावा. माझा पट्टा त्या ओळीनेच राखला.

३० मार्च

मागच्या ओळीतल्या चौदाव्या रोपाची एकच बाजू कोमेजली. पाणी पुरेसं होतं. ती फांदी आडवी कापली तर आत तपकिरी रेषा. हा फ्युझेरियमचा मर रोग. बुरशी मुळांतून शिरते, पाण्याच्या नळ्या बंद करते आणि मातीत वर्षानुवर्षं टिकते. रोप वाचवायचा प्रयत्न केला नाही. ते आणि शेजारचं, दोन्ही मुळांभोवतीच्या मातीसकट काढून टाकली, कंपोस्टमध्ये नाही. खुरपं उकळत्या पाण्यातून काढलं. त्या जागी पुन्हा डायँथस किंवा कार्नेशन लावणार नाही, तिथे दगड ठेवून सेडम हे जाड पानांचं बुटकं झाड लावलं.

डेल्टॉइडिसच्या एका गादीचा मधला भाग तपकिरी होता. वाळकी पानं आत अडकून ओल धरत होती. चिमट्याने काढली, पण उशीर झाला होता, ती गेली. बाकी ११ गाद्यांच्या मध्यावर कच आणि मातीचं कोरडं मिश्रण बोटांनी सारलं, पोकळी राहू नये म्हणून. त्यातून काही फांद्यांना आपोआप मुळंही फुटतात.

१३ एप्रिल

बी गोळा केलं. बोंड वाळलं की टोकाला चार दात उघडतात आणि झाड हललं की बिया सांडतात. म्हणून दात उघडायच्या आधी, बोंड पिवळट पडताच, देठासकट कापून कागदी पिशवीत उलटं टांगलं. मोजून ३४० बिया, काळ्या, चपट्या, मधोमध उंचवटा असलेल्या. सगळ्या मिश्र, रंग कोणते निघतील त्याची खात्री नाही.

२६ एप्रिल

दुपारी ३५ अंश. फुलं छोटी आणि फिकी झाली. चार कुंड्यांवर लाल कोळी. पानांच्या मागे बारीक जाळं, वरून पिवळे ठिपके. कुंड्या सकाळचं ऊन मिळेल अशा जागी हलवल्या, पानांच्या मागून पाण्याची धार रोज. दोन कुंड्या सुधारल्या. दोन काढून टाकल्या, चिनी डायँथस या उन्हात पुढे रेटायला अर्थ नाही.

वाफ्यात आज मागच्या ओळीत १७ चिनी, पुढे ११ डेल्टॉइडिस, टोकाला दोन मूळचे ‘टायनी रुबीज’. आणि कुंड्यांत त्याची १० नवी पिल्लं, शिवाय पिशवीखालून वाचलेली ३. मूळच्या एकावर पहिली कळी आहे, तांदळाच्या दाण्याएवढी.

मागची ओळ मे संपेपर्यंत काढेन. डेल्टॉइडिसला आता खत नाही, छाटणी नाही, आठवड्याला एक पाणी आणि दुपारी दोन ते पाच जाळीची सावली. पाऊस सुरू झाला की वाफ्यावर तिरकी पारदर्शक पत्रा-चौकट बसवायची आहे, बाजू उघड्या ठेवून, म्हणजे मानेवर संततधार पडणार नाही आणि हवाही खेळेल. चौकटीचं माप घेतलं.

३४० बिया काचेच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत, फ्रिजच्या दारात ठेवल्या. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: ‘खोलीच्या फरशीवर तापमापक २१ दाखवेपर्यंत उघडू नये.’